टाळाचे ठोके आणि बारीक वाजणारं गाणं

एकांनी लिहून विचारलेला प्रश्न आधी त्यांच्याच बाजूने थोडक्यात मांडतो. घरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अभंग रेकॉर्ड केला. आवाज, पेटी, पखवाज, दोन टाळ, ॲपचा तानपुरा आणि मागे कीबोर्डचा पॅड, म्हणजे सतत धरून ठेवलेले सूर. मिक्स स्वतःच केलं, शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, लिमिटर (ठरावीक उंचीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन) लावून कमाल मर्यादा उणे १ डीबी (डेसिबल) ठेवली आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं स्पॉटिफायवर चढवलं. आता इतर गाण्यांच्या रांगेत ते बारीक वाजतं आणि मोबाइलवर पखवाज ऐकूच येत नाही. मित्र म्हणतो, ‘लिमिटर अजून दाब, उणे ८ पर्यंत ने.’ ओझोन हे मास्टरिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, की मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, बाहेर द्यावं? आणि पुढे सहा अभंगांचा अल्बम रीतसर काढायचा आहे, त्यात काय बघावं?

तुम्ही मीटरचे दोन आकडे दिलेत हे फार बरं केलंत. निम्मे लोक ‘आवाज कमी येतो’ एवढंच सांगतात आणि मग आम्ही अंधारात चाचपडत बसतो. तुमचं गाणं सरासरी उणे १९.५ लफ्स आहे आणि ट्रू पीक उणे १. या दोन आकड्यांतच सगळं दुखणं आहे, आणि ते मास्टरिंगचं नाही.

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक गाणं उणे १४ लफ्सच्या आसपास आणून वाजवतं. लफ्स म्हणजे कानाला गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप. मीटरवर क्षणभर उडी मारणारा काटा वेगळा, तो पीक. उणे ८ चं गाणं आलं तर ते ६ डीबीने खाली ओढतात. उणे २० चं आलं तर वर उचलतात, पण कुठपर्यंत? पीक उणे १ ला टेकेपर्यंतच. त्यांनीच दिलेलं उदाहरण असं: गाणं उणे २० वर आणि पीक उणे ५ वर असेल, तर ४ डीबी उचलून ते उणे १६ वर थांबतात. तुमचा पीक आधीच उणे १ ला डोकं टेकून उभा आहे. उचलायला जागाच उरलेली नाही. त्यामुळे तुमचं गाणं आहे तिथेच, म्हणजे शेजारच्या गाण्यांपेक्षा साडेपाच डीबी खाली. ऐकणाऱ्याने ॲपमध्ये ‘लाउड’ सेटिंग ठेवलं असेल तर ते उणे ११ पर्यंत नेतात आणि त्यासाठी स्वतःचा लिमिटर लावतात; पण ते सेटिंग किती जणांनी चालू केलं असेल त्याच्या भरवशावर राहू नका.

मग ती जागा खाल्ली कोणी? एक साधा प्रयोग करा. रीपरमध्ये मास्टरवरचा लिमिटर बंद करा, मास्टरचा फेडर ६ डीबीने खाली आणा आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून पीकचा आकडा लिहून ठेवा. आता दोन्ही टाळ म्यूट करा आणि पुन्हा वाजवा. मग टाळ चालू करून पखवाज म्यूट, मग आवाज म्यूट. ज्याला गप्प केल्यावर पीक धाडकन खाली येतो, तो चोर. न ऐकताही माझा संशय टाळांवर आहे, कारण तुम्ही लिहिलंय की सगळे जण एकाच खोलीत बसले होते आणि टाळांना माइक ‘जवळच’ होता. टाळाचा ठोका एक-दोन मिलिसेकंदांत आभाळाला जातो आणि तितक्याच झटकन खाली येतो. कानाला तो मोठा वाटतही नाही, कारण तेवढ्या क्षणाला ‘मोठा’ म्हणायला कानाला वेळच मिळत नाही. मीटरला मात्र तो स्पष्ट दिसतो. वेव्हफॉर्म मोठी करून बघा: गाण्याचं अंग मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, आणि मधूनमधून खिळे ठोकल्यासारख्या उभ्या रेघा. ते खिळे म्हणजे टाळ. चार मिनिटांच्या गाण्यात असे पंधरा-वीस खिळे असले तरी सबंध गाण्याची उंची तेच ठरवतात.

मित्राचा सल्ला ऐकून लिमिटर दाबलात तर काय होईल तेही सांगतो. लिमिटर सगळ्या मिक्सवर बसलेला असतो. टाळ वाजला की तो टाळाला दाबतो, पण त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाज, पेटी, पखवाजाची थाप असं सगळंच त्याच्याबरोबर दबतं. ठोका गेला की पुन्हा वर येतं. म्हणजे प्रत्येक टाळाला गाणं उचकी दिल्यासारखं हलतं. आणि अभंगात टाळ किती वेळा वाजतो ते मी सांगायला नको.

हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. या धंद्यात नवा होतो, सीडीचे दिवस अजून संपले नव्हते. एका भजनी अल्बमचं मास्टरिंग आलं. निर्मात्याने एका हिंदी सिनेमाच्या गाण्याची सीडी सोबत दिली आणि सांगितलं, ‘एवढ्या जोरात पाहिजे.’ केलं. आकडा जुळला, निर्माता खूश, पैसेही मिळाले. आठवड्याने पखवाजवाल्या बुवांचा फोन आला. चिडले नव्हते, अगदी शांतपणे विचारलं, ‘अहो, यात माझा हात कुठाय?’ मी मूळ मिक्स आणि माझं मास्टर एकाच आवाजाच्या पातळीला आणून, लागोपाठ लावून ऐकलं. बुवांच्या उघड्या थापेला जो एक उमाळा होता, तो सपाट झाला होता. थाप होती, पण जणू कुणीतरी पखवाजावर रजई टाकून वाजवली होती. तेव्हापासून दोन गाण्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी कानाने सारखी करायची आणि मगच मत द्यायचं, हा नियम मी मोडलेला नाही. नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं, आपल्यालाही आणि गिऱ्हाइकालाही.

तर टाळांचा ट्रॅक उघडा. आधी प्लगइन (रीपरला जोडायचं जादा साधन) नको. जे ठोके अंगावर येतात ते क्लिप तोडून तेवढ्यापुरते ३-४ डीबी खाली करा. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जाईल, पण याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. मग फक्त त्या ट्रॅकवर एक जलद लिमिटर किंवा क्लिपर लावा आणि खिळ्यांची टोकं आणखी २-३ डीबी छाटा. टाळाची टोकं छाटली तर कानाला पत्ता लागत नाही, कारण टाळ मुळातच झणझणीत. आवाजाची छाटली तर लगेच लागतो. तरीही कर्कश वाटत असेल तर ३ ते ६ किलोहर्ट्झच्या दरम्यान डायनॅमिक ईक्यू लावा (ईक्यू म्हणजे ठरावीक पट्टीतला आवाज कमी-जास्त करणारं साधन), म्हणजे ठोका पडेल तेवढ्याच वेळ तो भाग खाली जाईल. टीडीआर नोव्हा नावाचा फुकट प्लगइन हे काम उत्तम करतो. एवढं केल्यावर टाळांचे पीक मिळून ६ डीबी खाली आले, तर अख्खं मिक्स तुम्ही ६ डीबी वर उचलू शकता. उणे १९.५ चं उणे १३.५ झालं, आणि मास्टरवर अजून काहीही केलेलं नाही. त्यानंतर पुढचे पीक पखवाजाच्या थापांचे असतील. त्यांच्यासाठी मास्टर लिमिटरला दीड-दोन डीबी काम दिलंत तर उणे १२ च्या आसपास याल. अभंगाला मी तिथेच थांबतो. शेवटी गजर चढत जाणारा असेल तर उणे ११. उणे १४ हा काही शास्त्रात सांगितलेला आकडा नाही. गाडीत पेनड्राइव्ह लावून ऐकणारे आहेत, मंडपातले स्पीकर आहेत, तिथे कोणी पातळी जुळवून देत नाही. पण उणे ८ चा अभंग स्पॉटिफायवर वाजतो उणे १४ लाच, फक्त चेपलेला. यूट्यूब तर मोठं गाणं खाली आणतं, बारीक असेल ते उचलतच नाही. ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ ला नेतं. म्हणजे कुठेही गेलात तरी चेपून मिळवलेली उंची परत काढून घेतली जाते आणि चेपलेपणा तेवढा तुमच्याकडे राहतो.

ट्रू पीकबद्दल एक वाक्य, कारण साधा पीक मीटर बघून अनेकजण फसतात. फाइलमध्ये आवाजाचे सुटे ठिपके असतात. ते जोडून परत लाट तयार होते तेव्हा दोन ठिपक्यांच्या मध्ये ती ठिपक्यांपेक्षा वर जाऊ शकते, आणि एमपी३ किंवा ऑगसारख्या आकसलेल्या स्वरूपात तर आणखी. म्हणून लिमिटरमध्ये ट्रू पीकचा पर्याय चालू ठेवून उणे १. गाणं उणे १४ पेक्षा मोठं करणार असाल तर स्पॉटिफाय उणे २ सुचवतं. मी टाळांच्या गाण्यांना तेच ठेवतो, कारण टाळासारखा तीक्ष्ण आवाज आकसताना सगळ्यात आधी फाटतो.

आता मोबाइलवरचा पखवाज. इथे दोन भानगडी एकात मिसळल्या आहेत.

एक तुमची खोली. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा. १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर बसते आणि तो सूर घुमतो, १२ फुटांत ४७ ची. छतही १० फुटांवर असेल तर ५६ ला दुहेरी फुगवटा. पखवाजाची धूम, कणीक लावलेली बाजू, साधारण ६० ते ८० च्या आसपास गुंजते. म्हणजे तुमच्या खोलीत, तुम्ही बसता त्या जागेवर, ती असेल त्यापेक्षा भरदार ऐकू आली किंवा जवळजवळ नाहीशी झाली तरी नवल नाही. भरदार ऐकू आली की माणूस साहजिकच ती कापतो. तुमच्या रीपरच्या चित्रात पखवाजावर ७० ला ५ डीबीचा खड्डा दिसतोय, तो तुम्ही पखवाजासाठी खणलेला नाही, खोलीसाठी खणलाय. तो आधी काढून टाका. हेडफोनवर ऐका, गाडीत ऐका, मग ठरवा. आणि भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवले असतील तर तेही काढा. त्यांनी वरच्या पट्टीतला थोडा चरचराट जातो, खालच्या घुमण्याला ते काहीच करत नाहीत. चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या लाद्या लाकडी चौकटीत बसवून, वर कापड ताणून कोपऱ्यांत तिरप्या उभ्या करा. सुतार, कापड, सगळं धरून एका बऱ्या प्लगइनच्या पैशात काम होतं आणि फायदा जन्मभराचा.

दुसरी भानगड मोबाइलची. त्याचा चिमुकला स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाही. ७० हर्ट्झ कितीही वाढवा, तिथे ते पोचणार नाही, उलट बाकीच्या गाण्याची जागा खाईल. उपाय असा की धुमेच्या ट्रॅकला हलकं सॅच्युरेशन द्यायचं, म्हणजे ७० चे पटीतले सूर, १४०, २१०, २८०, वर उमटतात. मोबाइल त्यातले वरचे सूर वाजवतो आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो. ही गंमत कानाच्या रचनेतच आहे. शिवाय शाईच्या बाजूची बोटं २ ते ३ किलोहर्ट्झमध्ये थोडी मोकळी करा. बोल कळले की माणसाला पखवाज ‘ऐकू आला’ असं वाटतं.

पण एवढं करूनही पखवाज बुडत असेल, तर त्याच्यावर कोण बसलंय ते बघा. तुमच्या मिक्समध्ये १५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात पुरुषाचा आवाज आहे, पेटीचे खर्जाचे सूर आहेत, तानपुरा आहे आणि कीबोर्डचा पॅडही. एका बाकावर चारजण. पॅडला २५० च्या खाली सरळ कापून टाका. माझं खरं मत विचाराल तर पॅड काढूनच टाका. तानपुरा आणि पेटी असताना मागे पॅड कशाला हवा हे मला आजवर कळलेलं नाही. पण तो वाद चव्हाट्यावर आणला की संगीत संयोजक माझ्याशी बोलत नाहीत.

पॅडवरून एक आठवलं. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कडव्यानंतर ‘मिक्स गढूळ होतं, काहीतरी डुचमळतं’. ईक्यूने ते जाणार नाही. पेटी ट्यूनर लावून तपासा. कीबोर्ड आणि तानपुऱ्याचं ॲप ४४० हर्ट्झला लावलेलं असतं. पेटीवाल्याने पेटी जशी लावून दिली तशी ती असते, बरेचदा दोनेक हर्ट्झ वर. ४४२ आणि ४४० एकत्र धरले की सेकंदाला दोन ठोके पडतात, तीच ती डुचमळ. पेटी सोडून बाकी सगळं पेटीला जुळवा, म्हणजे कीबोर्ड आणि ॲप ८ सेंटने वर (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). दहा सेकंदांचं काम. लोक यावर दोन-दोन दिवस ईक्यू फिरवत बसतात.

ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे गायकाचा सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण अल्बमला मोह होणारच. आपोआप चालणाऱ्या पद्धतीवर ते लावू नका. त्याला बारा ठरलेले स्वर माहीत. मींडेला ते पायऱ्या पाडतं आणि आंदोलित गांधार असला की त्याला वाटतं गायक बेसूर आहे. जो स्वर खरोखर घसरलाय तेवढाच हाताने उचला. मेलोडाइन या तशाच सॉफ्टवेअरमध्ये किंवा ऑटोट्यूनच्या ग्राफमध्ये. त्याहून सोपं म्हणजे ती ओळ परत गाऊन घ्या.

आता ओझोन घ्यायचं का. आत्ता नको. जे काम टाळाच्या ट्रॅकवर क्लिप तोडून होतं, त्याला ओझोन काय करणार? त्यातला मास्टर असिस्टंट किंवा ॲपलच्या लॉजिकमध्ये २०२३ पासून आलेला मास्टरिंग असिस्टंट, आणि लॅन्डरसारख्या ऑनलाइन मास्टरिंग सेवा, हे सगळं तयार मिक्सचा एकूण रंग बघतं. टाळ जास्त आहे हे त्याला ‘वरची पट्टी जास्त आहे’ असं दिसतं. मग ते वरची पट्टी कमी करतं आणि टाळाबरोबर गाणाऱ्याच्या शब्दांची व्यंजनंही मऊ पडतात. डेमोला, रिहर्सलच्या रेकॉर्डिंगला खुशाल वापरा. मीटरसाठी यूलीन लाउडनेस मीटर फुकट आहे, स्पेक्ट्रम बघायला व्होक्सेंगोचा स्पॅन फुकट आहे. रीपरच्या रेंडर खिडकीत ड्राय रनचा पर्याय आहे. फाइल न बनवता तो गाण्याचा लफ्स आणि ट्रू पीक सांगतो. रीपरचा परवाना मात्र घ्या, ६० डॉलरचा. विकायचं काम चाचणीच्या प्रतीवर करणं बरं दिसत नाही.

बाहेर द्यावं का? एका गाण्यासाठी, तेही मिक्सच दुरुस्त व्हायचं असताना, नको. अल्बमसाठी हो. मास्टरिंग हा शब्द तबकडीच्या काळातला. टेपवरचं गाणं मास्टर तबकडीवर कोरणारा माणूस वेगळा असायचा, कारण खर्ज जास्त झाला तर सुई खाच सोडून उडायची; त्यामुळे त्याच्यापर्यंत आलेलं प्रत्येक गाणं कुणीतरी त्रयस्थ कानाने तपासायचं. सुई गेली, पण त्रयस्थ कानाची गरज गेली नाही. तुम्ही स्वतः गायलात, स्वतः वाजवलंत, स्वतः मिक्स केलंत. दोनशेव्या वेळेला ऐकताना तुम्हाला जे आहे ते ऐकू येत नाही, जे असावंसं वाटतं ते येतं. चांगला मास्टरिंगवाला पहिल्या दिवशी प्लगइन उघडणारच नाही. तो फोन करून म्हणेल, ‘तिसऱ्या अभंगात टाळ दोन डीबी कमी करून परत पाठवा.’ असं न सांगता जो सगळं गोड मानून घेतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. अर्थात या बाबतीत मी पक्षपाती आहे, पोट यावरच आहे.

पाठवताना मिक्सची वेव्ह फाइल २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोटमध्ये, ज्या सॅम्पल रेटला (सेकंदाला किती ठिपके) प्रोजेक्ट आहे त्याच रेटला. ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ किंवा ९६ करून पाठवलं म्हणून त्यात नवीन काही भरत नाही. मास्टरवरचा लिमिटर काढून पाठवा, पण लिमिटरसकट केलेली तुमची प्रतही सोबत द्या, म्हणजे तुम्हाला काय ऐकायचंय ते कळतं. आधी दोन सेकंद, शेवटी तानपुऱ्याची शेपूट पूर्ण विरेपर्यंत मोकळं सोडा. फेड तिकडे होऊ दे. डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक खरखराट) फक्त शेवटी, २४ बिटवरून १६ ला उतरताना, एकदाच. आणि परत आलेली अंतिम फाइल हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐका. मी एकदा गाण्याच्या सुरुवातीचा श्वास अर्धा कापलेली फाइल पुढे पाठवली होती. गायिकेने पहिल्याच सेकंदाला पकडली.

अल्बममधल्या सहाही अभंगांना एकाच लफ्सवर आणू नका. ऐकणारा अल्बम सलग वाजवतो तेव्हा स्पॉटिफाय सगळ्या अल्बमला मिळून एकच वाढ-घट लावतं. संथ रूपाचा अभंग आणि शेवटचा गजर यांतला तुमचा उंचसखलपणा तसाच राहतो. आकडे झाकून फक्त गाणाऱ्याचा आवाज जुळवा: पहिल्या अभंगातून दुसऱ्यात जाताना गायक होता तिथेच बसलेला वाटला पाहिजे. पखवाज-टाळ वाढले म्हणून लफ्स वाढला तर वाढू दे. दोन अभंगांमधली शांतताही कानाने ठरवा. करुण अभंगानंतर दोन सेकंद कमी पडतात.

कागदपत्रं लोक सगळ्यात शेवटी, बहुधा रडकुंडीला आल्यावर बघतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो. भारतात तो देणारी संस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री, आणि बहुतेक डिस्ट्रिब्युटर स्वतःहूनही देतात. तुम्ही हा अभंग नव्याने मिक्स करणार, म्हणजे नव्या मिक्सला नवा आयएसआरसी. जुना त्यालाच चिकटवू नका, हिशेब बिघडतो. शब्द तुकोबांचे, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण चाल? तुमचीच असेल तर प्रश्न मिटला. लहानपणापासून रेडिओवर ऐकलेली ‘पारंपरिक’ चाल म्हणत असाल तर आधी शोध घ्या. रेडिओवर गाजलेल्या कित्येक चाली नावाजलेल्या संगीतकारांच्या आहेत. आपल्या कायद्यात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. चाल तुमची असेल तर संगीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, १९६९ पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांचा वाटा तीच गोळा करते. पखवाजवाले, टाळकरी, पेटीवाले यांच्याशी काय ठरलंय ते एका कागदावर लिहून सह्या घ्या. घरचेच आहेत म्हणून सोडू नका, घरच्यांतच जास्त बिघडतं.

तानपुरा ॲपचा किंवा एखादी तयार लूप वापरली असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपलं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) ते गाणं घालू नका. तीच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो आणि मग पत्रव्यवहार तुमच्या गळ्यात. अल्बमसाठी खरा तानपुरा रेकॉर्ड करा, दहा मिनिटं सलग, एकाच बैठकीत; जवारी नीट लागली असेल तर मिक्समध्ये त्याला काहीही करावं लागत नाही.

पैशाची फार आशा लावू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. म्हणून तारीख आधी ठरवा, फाइल तीन-चार आठवडे आधी चढवा, आणि त्यांच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं ते प्रकाशनाच्या निदान ७ दिवस आधी, ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून. आषाढीच्या आदल्या दिवशी अभंग चढवून एकादशीला वाजेल असं समजणारे मला दरवर्षी भेटतात.

आणि पुढच्या रेकॉर्डिंगला टाळकऱ्यांना माइकपासून सहा फूट लांब बसवा. जमलं तर खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून, आणि कानाला हेडफोन द्या. दारातून आलेला टाळ गोल होऊन येतो, खिळे तिथेच बोथट होतात आणि पखवाजाच्या माइकमध्येही तो कमी शिरतो. बाहेर बसवलं म्हणून टाळकरी रुसतात हा माझा अनुभव आहे; चहाचा पहिला कप तिकडे पाठवा.